आल्यागेल्याचे पाणी : दीर्घपल्ल्याच्या सायकलशर्यतींतील स्वावलंबनाच्या नियमाची चिकित्सा

खेळाच्या नियमांना वाङ्मय मानण्याची प्रथा आपल्याकडे नाही. कायद्याच्या भाषेची चिकित्सा वकील करतात, शास्त्रग्रंथांच्या भाषेची पंडित करतात. खेळाची नियमावली मात्र वाचून बाजूला ठेवावयाची वस्तू समजली जाते. वस्तुतः ज्या लेखनातील एका नामाच्या अर्थावर कोणाचे दहा दिवसांचे श्रम मान्य व्हावयाचे आणि कोणाचे व्यर्थ जावयाचे हे ठरते, ते लेखन भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षावे असे नाही. अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकलशर्यतींचे नियम हे अशा लेखनाचे एक उत्तम उदाहरण होय. या शर्यती काहीशे किलोमीटरांपासून काही हजार किलोमीटरांपर्यंत असतात. त्या टप्प्याटप्प्यांनी घेतल्या जात नाहीत. स्पर्धक झोपला तरी घड्याळ थांबत नाही. त्यांपैकी एका मोठ्या वर्गाचा मूलभूत नियम असा की, स्पर्धकाने स्वतःच्या बळावरच मार्ग पुरा करावा, बाहेरचे साहाय्य घेऊ नये. नियम ऐकावयास सरळ आहे. परंतु ‘स्वतःचे’ म्हणजे कोठवर आणि ‘साहाय्य’ म्हणजे काय, हे दोन प्रश्न विचारताच त्याचा सरळपणा संपतो.

महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध आला तो मुख्यतः विरुद्ध बाजूने, म्हणजे साहाय्य उघडपणे मान्य करणाऱ्या शर्यतींतून. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ १९८२ साली चार स्पर्धकांनिशी सुरू झाली. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे ती एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण करणारे पहिले दोन भारतीय ठरले; २०१९ साली नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी ती पुरी केली. या शर्यतीत ‘एकट्याने’ हा शब्द जपून वाचावा लागतो. सायकल एकटाच चालवितो, पण त्याच्यामागे मोटारी असतात, त्यांत चालक, स्वयंपाक करणारे, सायकल दुरुस्त करणारे, औषधपाणी पाहणारे असतात. रात्री मागच्या गाडीच्या दिव्यांच्या प्रकाशात चालविणे हा तेथे सवलतीचा भाग नाही, नियमाचा भाग आहे. पुण्याहून गोव्याला जाणारी सुमारे ६४० किलोमीटरांची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही या शर्यतीची पात्रता-स्पर्धा; तिचा घाटही असाच. राचुरे यांच्या पथकाचे नेतृत्व त्यांच्या बहिणीकडे होते, ही गोष्ट या प्रकारच्या शर्यतीचे स्वरूप चांगले दाखविते: येथे कुटुंबच्या कुटुंब शर्यतीत उतरते.

या पद्धतीवर घेतला जाणारा आक्षेप उघड आहे. पथक नेण्यास पैसा लागतो, लाखो रुपये लागतात, आणि ज्याच्यामागे उत्तम पथक त्याचे पाय अधिक चालतात. या आक्षेपातूनच स्वावलंबी शर्यतींचा पंथ बळावला. इंग्लंडच्या माइक हॉल यांनी २०१३ साली लंडनहून इस्तंबूलला जाणारी ‘ट्रान्सकॉन्टिनेंटल’ शर्यत सुरू केली, तिची नियमावली मोजक्या कलमांची होती. पथक नाही, मागची मोटार नाही, पुढच्या सायकलच्या आडोशाने वारा चुकविणे नाही. अन्न, पाणी, सामान हे एकतर स्वतः वाहावे, किंवा वाटेत जे बाजारात सर्वांना विकत मिळते ते घ्यावे. हॉल हे २०१७ साली ऑस्ट्रेलियातील अशाच एका शर्यतीत मोटारीच्या धडकेने मरण पावले. पण त्यांची नियमभाषा या पंथाची जणू सूत्रभाषा होऊन बसली. या शर्यतीने न्यायाच्या दृष्टीने काही मिळविले यात शंका नाही. २०१९ साली फिओना कोल्बिंगर ही जर्मन तरुण डॉक्टर सर्व पुरुष स्पर्धकांना मागे टाकून ती जिंकली. सायकलशर्यतीच्या इतिहासात ही घटना लहान नव्हे.

‘विकत मिळते ते घ्यावे’ या उपवाक्यापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण नियमाचा सारा भार त्यावर आहे. त्याचे वजन कळण्यासाठी शतकापूर्वीचे एक प्रसिद्ध प्रकरण उपयोगी पडते. १९१३ सालच्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये युजेन क्रिस्तोफ हा फ्रेंच स्पर्धक पिरेनीज पर्वतात तूरमाले घाटाच्या उतारावर असता त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. त्या काळच्या नियमाप्रमाणे दुरुस्ती स्पर्धकाने स्वतःच करावयाची होती. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सेंत-मारी-द-कांपां या खेड्यातील लोहाराच्या शाळेत आला, आणि शर्यतीच्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने तासन् तास खपून चिमटा जोडला. लोहाराने तोंडाने सांगावे, हात लावू नये, असा दंडक होता. दोन्ही हात कामात गुंतल्यामुळे भाता हलविण्यास त्याने तेथल्या एका लहान मुलाची मदत घेतली. एवढ्यावर त्याला दहा मिनिटांचा दंड झाला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. तास आधीच गेले होते, त्यामुळे या मिनिटांना व्यावहारिक अर्थ काहीच नव्हता.

या निर्णयाला सामान्यतः क्रूर किंवा हास्यास्पद म्हटले जाते. ते म्हणणे पूर्ण बरोबर नाही. १९१३ चा नियम कठोर होता, पण त्याच्या भाषेत लबाडी नव्हती. ‘स्व’ म्हणजे स्पर्धकाचे शरीर, त्याच्या हातांचे कसब आणि त्याला असलेले किंवा सांगितले गेलेले ज्ञान. याबाहेरचे ते सर्व परके. (लोहाराचे बोलणे मदतीत धरले नाही, हे जाता जाता लक्षात घेण्यासारखे आहे: भाषा ही कोणाच्याही मालकीची नसल्याने ती देणे म्हणजे देणे नव्हे, असे त्या अधिकाऱ्यांना वाटले असावे.) हेच प्रकरण आजच्या स्वावलंबी शर्यतीच्या नियमाखाली आणून पाहावे. क्रिस्तोफ लोहाराला पैसे देता, आणि लोहार सर्व काम करता, तर कोणासही हरकत घेता आली नसती. लोहाराची शाळा हे वाटेवरचे, सर्वांना खुले असलेले दुकानच होते. पण त्या मुलाने पैसे न घेता भाता हलविला असता तर शब्दार्थाने नियमभंग झाला असता. म्हणजे शंभर वर्षांत नियम सौम्य झाला एवढेच घडले नाही. ‘स्व’ची सीमाच सरकली. पूर्वी ती कातडीपाशी संपत होती, आता ती खिशापर्यंत जाते. पैसे देऊन घेतलेले साहाय्य हे साहाय्य उरत नाही. प्रेमाने मिळालेले साहाय्य मात्र दोष ठरते. पथकाचा पैसा अन्याय्य म्हणून जो पंथ निघाला, त्यानेच पैशाला शुद्धीकरणाचा अधिकार द्यावा, यातील विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

तथापि नियमकर्त्यांची बाजू दुर्बळ समजू नये. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे मांडता येईल: दुकानातील भाव सर्वांस सारखा असतो, देणगी सारखी नसते. ज्याचा चेहरा ओळखीचा, ज्याची भाषा गावकऱ्यांची, ज्याचे नाव वर्तमानपत्रात आलेले, त्याच्यापुढे चहाचा कप आपोआप येतो. परक्यापुढे येत नाही. म्हणून देणगी वर्ज्य आणि खरेदी ग्राह्य. हा युक्तिवाद विचारपूर्वक केलेला आहे. त्यातील उणीव इतकीच की, भाव सारखा असला तरी खिसा सारखा नसतो, आणि सर्व देणगी चेहरा पाहूनच दिली जाते हे गृहीत धरले आहे. दुसरे गृहीतक ज्या समाजातून आले तेथे कदाचित खरे असेल. मराठी मुलखात ते तपासून घ्यावे लागेल.

येथे शब्दांकडे वळणे इष्ट होय. या नियमाचे वर्णन करताना मराठीत ‘स्वावलंबन’ हा शब्द सहज वापरला जातो. ‘अवलंबन’ याचा मूळ अर्थ धरून लोंबणे, टेकू घेणे. ‘अवलंबून’ या रूपात तो परतंत्रता सांगतो, तर ‘मार्ग अवलंबणे’ यात नुसता स्वीकार. ‘स्वावलंबन’ म्हणजे स्वतःलाच धरून राहणे; परंतु या शब्दाला मराठी सार्वजनिक जीवनात जी प्रतिष्ठा आहे ती व्युत्पत्तीने आलेली नाही. ती मुख्यत्वेकरून शिक्षणाच्या चळवळीने दिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने हा शब्द आपले ब्रीद म्हणून मिरविला, आणि तेथे त्याचा अर्थ ‘कोणाचे काही न घेणे’ असा कधीच नव्हता. वसतिगृहातील मुलांचे धान्य गावोगावच्या लोकांकडून येत होते. मुले श्रम करीत होती आणि एकमेकांच्या आधाराने राहत होती. ‘कमवा आणि शिका’ यातला विद्यार्थी स्वावलंबी खरा, पण एकाकी नव्हे. दान घेण्याने त्याच्या स्वावलंबनास बाध येत नव्हता. श्रम टाळण्याने आला असता.

एकाकी, आधारहीन स्थितीसाठी मराठीत जे शब्द आहेत ते कोणतेही शर्यतीच्या कामाचे नाहीत. ‘निराधार’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे १९८० पासून शासनाकडून ज्यांच्यासाठी अनुदानाची योजना चालू आहे ती माणसे येतात. ‘असहाय’ हा शब्दशः ‘साहाय्यावाचूनचा’. पण असहाय स्पर्धकाचे कौतुक कोणी करणार नाही, त्याची कीवच करील. ‘निरालंब’ या शब्दास मान आहे, पण तो योग्याचा मान आहे, सायकलस्वाराचा नव्हे. एका भाषेत जी स्थिती पराक्रमाची म्हणून मिरविता येते ती दुसऱ्या भाषेत दयेची ठरते, याचा अर्थ दुसऱ्या भाषेत पराक्रम नाही असा होत नाही. पराक्रम कशाच्या अभावात पाहावयाचा, याविषयी दोन्हींचे मत भिन्न आहे, एवढेच.

शब्दसंग्रहापेक्षाही व्याकरण या प्रश्नावर अधिक प्रकाश टाकते. इंग्रजी नियमांत ‘सपोर्ट’, ‘असिस्टन्स’ अशी नामे योजलेली असतात. नामाचा गुण असा की त्यात कर्ता दडविता येतो. साहाय्य झाले, पण ते कोणी आरंभिले? मराठीत ही गोष्ट क्रियापदाने सांगू गेल्यास दडविणे कठीण जाते. ‘त्याला पाणी मिळाले’ या वाक्यात स्पर्धक चतुर्थीत आहे. क्रियेचे कर्तृत्व त्याच्याकडे नाही, पाणी त्याच्या वाट्याला आले. ‘त्याने पाणी घेतले’ यात तो तृतीयेत येऊन कर्ता झाला. ‘त्याने पाणी मागितले’ यात कर्तृत्व आणखी पुढे सरकले, आणि ‘त्याने पाणी आणविले’ या प्रयोजक रूपात तर दुसऱ्याचे हातपाय त्याच्या इच्छेने हलू लागले. मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली, म्हणजे क्रिस्तोफच्या प्रकरणाआधी दोनच वर्षे, प्रसिद्ध झाले. प्रयोजकाचे असे प्रकरण शोधूनही मिळाले नसते. भाता हलविला मुलाने, पण हलवून घेतला क्रिस्तोफने.

‘करून घेणे’ या संयुक्त क्रियापदात तर शर्यतीचा सारा वादच सामावलेला आहे. ‘त्याने चाक दुरुस्त करून घेतले’ हे वाक्य दोन अर्थांनी घेता येते: त्याने स्वतः आपल्यासाठी ते दुरुस्त केले, किंवा दुसऱ्याच्या हातून ते साधले. ‘सायकलवाल्याकडून’ हा एक शब्द घातला की पहिला अर्थ नाहीसा होतो. नियमावली लिहिणाऱ्याने हा ‘-कडून’ प्रत्येक कलमात स्पष्ट केला असता तर निम्मे वाद उद्भवलेच नसते. मौज अशी की, व्याकरणाच्या या शिडीवर वर्तमान नियमाची कोणतीही पायरी बसत नाही. पैसे देऊन ‘करवून घेतलेले’ त्याला चालते, आणि न मागता ‘मिळालेले’ चालत नाही. कर्तृत्वाचा क्रम त्याने बरोबर उलटा केला आहे. स्पर्धकाच्या इच्छेचा ज्यात सर्वांत कमी भाग त्यास सर्वांत अधिक दोष, असा हा न्याय होतो.

मग देणगीतील असमानतेचे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. उत्तराची सामग्री मराठीत तयार आहे. ‘आल्यागेल्याला पाणी द्यावे’ असे घराघरांत म्हटले जाते. ‘आलागेला’ हा समास लक्षपूर्वक पाहावा. त्यात व्यक्तीविषयी काहीही सांगितलेले नाही, नाव नाही, जात नाही, गाव नाही. तो आला आणि तो जाणार, एवढीच त्याची ओळख. ज्याला द्यावयाचे त्याचा चेहरा या शब्दाने पुसून टाकला आहे. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला ओल्या फडक्यात गुंडाळलेले रांजण ठेवून पाणपोई घातली जाते ती अशा आल्यागेल्यासाठी. ती व्यापारी नाही, पण दुकानापेक्षा अधिक सार्वजनिक आहे, कारण तिच्यापुढे खिशाचाही भेद नाही. आषाढी वारीच्या वाटेवर, पैठणहून नाथांची पालखी निघते त्या वाटेवरही, जे अन्नदान होते ते ‘येईल त्याला’ होते. छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की ज्या सूफी साधूच्या दर्ग्याशी जोडलेली आहे त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. अठराव्या शतकात मातीच्या नळांतून दुरून आणलेल्या पाण्यावर तेथे फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी दळण होत असे. दळण कोणाचे, हे जात्याने विचारले नाही.

यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, ‘विकत मिळणारे’ या कसोटीच्या जागी ‘आल्यागेल्याला मिळणारे’ ही कसोटी घातल्यास नियमाचा हेतू अधिक शुद्धपणे साधतो. न्याय मोबदल्यात नाही. घेणाऱ्याच्या अनामिकतेत आहे. जे पाणी मागून येणाऱ्या स्पर्धकालाही तसेच मिळाले असते ते सर्वांचे. जे त्यालाच, तो तो आहे म्हणून, मिळाले ते बाहेरचे साहाय्य. काही नियमावल्यांच्या स्पष्टीकरणांत ‘सर्वांना समान उपलब्ध’ असा शब्दप्रयोग येतो, तो या कसोटीच्या जवळचा आहे. दोष एवढाच की तो व्यापाराच्या पोटात ठेवला जातो, वस्तुतः व्यापार त्याच्या पोटात असावयास हवा.

ही कसोटी केवळ तात्त्विक नाही, हे मराठवाड्याच्या रस्त्यावर सहज दिसून येईल. शहरातून हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड या मार्गाने अजिंठ्याच्या लेण्यांपर्यंत जाऊन परत यावे तर सुमारे २०० किलोमीटर होतात. फ्रान्सच्या ऑदाक्स क्लब पारिझियाँच्या नियमांप्रमाणे होणाऱ्या ब्रेव्हे या प्रकारात एवढ्या अंतराला साडेतेरा तासांची मुदत असते. ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. (ब्रेव्हे ही शर्यत नव्हे, तेथे क्रमांक दिला जात नाही, गटाने चालविण्यास मुभा असते, आणि आपल्या माणसांची मदत फक्त नियंत्रणस्थानी घेता येते. नियमाच्या दृष्टीने हा फार समंजस प्रकार आहे: माणसाला मदत लागते हे मान्य करून तो तिची जागा ठरवून देतो.) दोनशे किलोमीटर दिवसाउजेडी निभावतात. चारशे-सहाशेच्या प्रवासात रात्र चुकत नाही. युरोपातील हमरस्त्यावर रात्री दोन वाजता पेट्रोल पंपाला जोडून उघडे दुकान सापडते. तेथे ‘विकत मिळणारे’ हे शब्द खरे असतात. सिल्लोडच्या पुढे त्या वेळी टपरी बंद, हॉटेल बंद, आणि एखादा ढाबा उघडा असला तर तो कोणत्या वळणावर याचा नेम नाही. उघडा असतो तो ओट्यावर झोपलेला माणूस, म्हणजे हाक मारल्यास जागा होणारा. त्याने तांब्या भरून दिला आणि पैसे नाकारले, तर नियम कोणाचा मोडला? स्पर्धकाने जबरदस्तीने दहा रुपयांची नोट त्याच्या हाती कोंबावी म्हणजे तांब्यातले पाणी नियमात बसेल, असे मानणे हा त्या माणसाचा अपमान आहे आणि नियमाचाही. ज्या प्रदेशात टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे गेले, ज्याच्या लातूर शहराला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले, तेथे तांब्याभर पाण्याची किंमत देणारा आणि घेणारा दोघेही जाणतात. ते फुकट म्हणून दिले जात नाही.

आता या कसोटीला लागणारे दोन धक्के पाहिले पाहिजेत. पैकी पहिला यंत्राने दिला आहे. आजच्या अशा शर्यतीत प्रत्येक स्पर्धकाजवळ उपग्रहाशी जोडलेले यंत्र असते आणि त्याचा ठिपका नकाशावर सरकताना घरबसल्या कोणासही दिसतो. हे नियमपालनाच्या तपासणीसाठी झाले, पण त्याने आलागेला संपविला. ठिपका पाहून जो माणूस रात्री केळी आणि चहा घेऊन रस्त्यावर उभा राहतो तो आल्यागेल्याची वाट पाहत नाही, अमक्याचीच पाहतो. त्याचे प्रेम खरे. पण व्याकरणाच्या शिडीवर हे ‘मिळाले’ राहत नाही, कारण मिळण्यास जो अनपेक्षितपणा लागतो तो गेला. अशी मदत नाकारण्यास स्पर्धकास सांगणे योग्यच होय. २०१९ साली उत्तर अमेरिकेच्या ‘टूर डिव्हाइड’ शर्यतीत लेल विल्कॉक्स या नामवंत सायकलपटूच्या मार्गावर चित्रीकरणाचे पथक असणार आणि त्यात तिची सहचरी असणार, यावरून मोठा वाद झाला. पथक पाणीही देणार नव्हते. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे, ओळखीचा चेहरा दिसणे हेच बळ आहे. त्यांना जो शब्द हवा होता तो मराठीत आहे: सोबत. सोबत करणारा काहीच करीत नाही, तो असतो. ‘साहाय्य’ या नावाखाली ‘सोबत’ आणावयाची की नाही, याचा निर्णय इंग्रजी नियमांना करता आला नाही, कारण त्यांच्याजवळ कृतीवाचूनच्या मदतीसाठी वेगळे नाव नव्हते. विल्कॉक्सच्या बाबतीत कसोटी लावली तर आक्षेप मान्य करावा लागतो: ती सोबत मागून येणाऱ्यास मिळणार नव्हती. पण मग ज्यांच्याशी वाटेतले लोक त्यांच्याच भाषेत बोलतात अशा स्थानिक स्पर्धकांची सोबतही हिशेबात धरावी लागेल, आणि ती कोणी धरीत नाही.

आणखी एक सवय येथे नमूद करण्याजोगी आहे. पहिल्या चार-पाचांनी घेतलेल्या चहावर वाद होतात. शेवटच्या चाळीसांनी घेतलेल्या चहाकडे कोणी पाहत नाही. मुलांच्या खेळात लहानग्याला घेतात पण त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत, त्याला ‘लिंबूटिंबू’ म्हणतात. मागच्या स्पर्धकांना दिलेली ही सूट प्रेमळ दिसते, परंतु तिच्यातून त्यांची शर्यत ही शर्यत नव्हे असे सुचविले जाते. ज्याने नोकरीतून रजा काढून, उसनी सायकल घेऊन, मुदतीच्या शेवटच्या तासात शिक्का मिळविला, त्याला नियमाची जरब सर्वांहून अधिक प्रिय असते. तिच्यामुळेच त्याचे येणे मोजले जाते. यास्तव नियम असा असावा की जो शेवटच्यालाही पाळता येईल, आणि पाळावासा वाटेल. ‘आल्यागेल्याला मिळणारे’ ही कसोटी त्याला पाळता येते, कारण तो तर खराखुरा आलागेलाच असतो.

दुसरा धक्का अधिक गंभीर आहे. आल्यागेल्याची अनामिकता पुरुषाला जितकी सहज लाभते तितकी स्त्रीला लाभत नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ साली सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत, बहुतांश एकटीने, पूर्ण केली. वाटेत स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने त्यांना लुटले गेले. ही शर्यत नव्हती, पण स्वावलंबनाचा प्रश्न तोच. एकटी स्त्री रात्री सायकलवरून गावात शिरली की ती आलीगेली राहत नाही. सारे गाव तिला पाहते. तिला पुरुषापेक्षा अधिक मदत मिळते आणि अधिक भयही मिळते, आणि दोन्ही एकाच कारणाने. घरातली बाई तिला ‘रात्रीची जाऊ नको, इथंच पड’ म्हणते, तेव्हा ते मागून येणाऱ्या पुरुषालाही म्हटले गेले असते काय? बहुधा नाही. कसोटी शब्दशः लावली तर हे आतिथ्य बाहेरचे साहाय्य ठरते. न लावली तर कसोटी मोडते. संकटकाळी नियम शिथिल होतात असे बहुतेक नियमावल्यांत मानले जाते. परंतु संकट म्हणजे घडलेले संकट, आणि ओसरीवरचे हे निमंत्रण ते घडू नये म्हणून असते. घडण्यापूर्वीच्या संकटाला नियमांत काळ नाही.

या ठिकाणी ‘सोबत’ हा शब्द पुन्हा विचारात घ्यावा लागतो. चित्रीकरणाच्या पथकाची सोबत स्पर्धकाने आणविलेली होती. ओसरीवरची सोबत मिळालेली आहे. पहिली स्पर्धकाच्या वेगाला बळ देते. दुसरी त्याचे तास खाते, कारण झोपणाऱ्याचेही घड्याळ चालूच असते. ज्या मदतीने शर्यतीत वेळ मिळत नाही, उलट जातो, तिला न्यायाच्या नावाने रोखण्याचे कारण नियमकर्त्यांना दाखविता येणार नाही. असे असता ती मदत घेणाऱ्या स्त्रीने पहाटे निघताना नियमावली आठवून ओसरीवर पैसे ठेवावेत की नाही, हे तिने कोणाला विचारावयाचे, याचे कलम अद्याप कोणत्याही नियमावलीत लिहिले गेलेले दिसत नाही.